बुरशीशी लढायला आलेला साहेब मातीतल्या बुरशीचा सोबती कसा झाला? अल्बर्ट हॉवर्ड यांची गोष्ट

वर्धा : ऑगस्टमध्ये पावसानं पंधरा-वीस दिवस दडी मारली की आपल्याकडे गावागावात एकच विषय असतो. पराटी माना टाकते, सोयाबीनची फुलं गळतात, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्याच्याकडे ओलिताची सोय आहे तो मोटर चालू करतो. कोरडवाहूवाला धुऱ्यावर उभा राहून आभाळाकडे बघतो.

मी पण त्याच धुऱ्यावरचा माणूस. आमच्या वावरात एक तुकडा असा आहे की जिथे आजोबांच्या काळी गोठा आणि उकंडा होता. बियाणं तेच, खत तेच, पेरणीचा दिवस पण तोच. तरी खंड पडला की बाकीची पराटी दुपारी बारालाच मान टाकते आणि या तुकड्यातली मात्र चार-सहा दिवस जास्त तग धरते. लहानपणापासून हे बघत आलो. जुन्या शेणखताचा दम आहे, एवढंच घरात सांगायचे. त्या दमात नेमकं काय काय आहे, हे शोधता शोधता एका इंग्रज माणसाची ओळख झाली. त्याला जाऊन पाऊणशेपेक्षा जास्त वर्षं झाली. पण त्याच्या कामाचा धागा आपल्या काळ्या मातीशी, कपाशीशी आणि वर्ध्याच्या मगनवाडीपर्यंत येऊन पोचतो. म्हणून ही गोष्ट.

शेतकऱ्याचा पोरगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ चा. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर नावाचा भाग आहे, तिथल्या बिशप्स कॅसल या छोट्या गावाजवळचं त्यांचं घर. वडील शेतकरी. म्हणजे शेण, गोठा, नांगर हे सगळं त्यांनी पुस्तकात वाचलं नाही, घरातच बघितलं. पुढे लंडन आणि केंब्रिजला शिकले, विज्ञानात पहिल्या वर्गात पास झाले आणि शेतीची पदविकाही घेतली.

पहिली नोकरी लागली ती थेट वेस्ट इंडीजमध्ये, १८९९ साली. तिथल्या बार्बाडोस बेटावर बसून ऊस आणि कोको यांच्यावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करायचा होता. पद होतं बुरशीतज्ज्ञाचं. बुरशी म्हणजे शत्रू, ती ओळखायची आणि तिचा बंदोबस्त सांगायचा, असं काम.

इथेच त्यांना पहिली खटक लागली. सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची बुरशी दिसायची, तिचं नाव पण सांगता यायचं. पण उपाय सांगायचा तर स्वतःची एक गुंठाही जमीन नव्हती. ज्यानं स्वतः पीक घेतलं नाही त्यानं दुसऱ्याला सल्ला कसा द्यायचा? हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा. १९०२ नंतर ते इंग्लंडला परतले, वाय इथल्या शेती कॉलेजात हॉप्सच्या पिकावर काम केलं. आणि १९०५ मध्ये भारतात आले.

पुसा : साहेबांनी शेतकऱ्याला गुरू केलं

बिहारमधल्या पुसा या गावी इंग्रज सरकारनं नुकतीच मोठी शेती संशोधन संस्था काढली होती. आज दिल्लीत जी पुसा संस्था आहे तिचं मूळ हेच. हॉवर्ड तिथे वनस्पतितज्ज्ञ म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मुंबईत त्यांचं गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी लग्न झालं. गॅब्रिएलबाई स्वतः केंब्रिजच्या शास्त्रज्ञ होत्या. पुढची पंचवीस वर्षं या नवरा-बायकोनं एकत्र काम केलं. पुस्तकं आणि अहवालांवर दोघांची नावं आहेत. ही गोष्ट एकट्या हॉवर्ड साहेबांची म्हणून सांगतात, पण अर्धी ती बाईंची आहे.

पुसाला हॉवर्ड यांनी हट्टानं जमीन मागून घेतली. ७५ एकर मिळाली. आता आली पंचाईत. लंडनचं ज्ञान बिहारच्या मातीत चालेना. तेव्हा त्यांनी एक सोपं काम केलं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची पिकं बघायला सुरुवात केली. विकतचं औषध नाही, खत नाही, तरी त्यांच्या पिकांवर रोगराई कमी कशी? साहेबांनी ठरवलं की शिकायचं ते या शेतकऱ्यांकडून, आणि कीड-रोगांकडूनही. कीड आली म्हणजे ती आपल्याला सांगते आहे की जमिनीत किंवा लागवडीत काहीतरी चुकलंय, असा त्यांचा विचार. फवारा मारून निरोप्यालाच मारू नका, आधी निरोप ऐका.

गव्हाच्या नव्या जाती काढण्याचं त्यांचं काम फार गाजलं. पुसा ४ आणि पुसा १२ या जाती उत्तर भारतात दूरवर पसरल्या. नुसतं तेवढंच केलं असतं तरी नाव राहिलं असतं. पण साहेबांचं लक्ष हळूहळू दाण्याकडून मुळाकडे आणि मुळाकडून मातीकडे गेलं. त्यांनी फळझाडांच्या मुळ्या खोदून, धुऊन, वर्षानुवर्षं बघितल्या. पावसाळ्यात वरच्या मुळ्या कशा काम करतात, उन्हाळ्यात खालच्या ओलीपर्यंत मुळ्या कशा पोचतात, मातीत हवा खेळली नाही तर काय होतं, हे सगळं कुदळ घेऊन शोधलं.

बैलांचा एक किस्सा त्यांनी लिहून ठेवलाय. स्वतःच्या जमिनीवर पिकवलेला चारा खाणारे त्यांचे बैल शेजारच्या खुरकूत झालेल्या जनावरांना नाक लावायचे, तरी त्यांना रोग झाला नाही, असं त्यांचं म्हणणं. मंडळी, हा किस्सा म्हणून वाचा. खुरकुताची लस चुकवू नका. एका माणसाच्या काही बैलांवरून सगळ्यांना नियम लागू होत नाही.

कमी पाण्याचा गहू

दुष्काळाच्या दृष्टीनं त्यांचं एक काम आपल्याला जवळचं आहे. उन्हाळ्यात ते क्वेट्ट्याला जात. आज ते पाकिस्तानात आहे. तिथे पाऊस फार कमी, तोही बहुतेक हिवाळ्यात पडतो. पाणी म्हणजे सोनं. तिथे त्यांनी दाखवलं की पेरणीआधी एक चांगलं ओलित करून, वरचा पापुद्रा वेळेवर मोडून ओल राखली, तर तेवढ्या एका पाण्यावरही गहू चांगला येतो. लोक मात्र पाण्यावर पाणी देत होते.

आपले म्हातारे सांगतात ना, एक डवरणी म्हणजे अर्धं पाणी. क्वेट्ट्याचा प्रयोग त्याच जातीचा. पाणी किती दिलं यापेक्षा जमिनीनं किती धरून ठेवलं आणि मुळाला किती मिळालं, हा त्यातला मुद्दा.

इंदूर, कापूस आणि यशवंत वाड

पुसाला हॉवर्ड यांचं बाकी खात्यांशी जमेना. रोगवाला वेगळा, किडीवाला वेगळा, रसायनवाला वेगळा. एका झाडाचे तुकडे करून प्रत्येकजण आपला तुकडा बघणार. साहेबांना पूर्ण झाड, पूर्ण वावर एकत्र बघायचं होतं.

१९२४ मध्ये संधी मिळाली. भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातल्या संस्थानांच्या पैशावर इंदूरला नवी संस्था निघाली. होळकर संस्थानानं ३०० एकर जमीन दिली. आज त्या जागेवर इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे. जमीन कशी? काळी, चिकण, पावसात दलदल आणि उन्हाळ्यात भेगा. पीक कोणतं? कापूस. म्हणजे हिंगणघाट-देवळीकडचं वावरच म्हणा.

इथे त्यांच्यासोबत रसायनशास्त्राचं काम बघायला होते यशवंत वाड. आडनाव आपल्यातलंच. या वाडांचं नाव आज फारसं कुणाला माहीत नाही, पण इंदूर पद्धतीच्या कंपोस्टवर १९३१ मध्ये जे पुस्तक ऑक्सफर्डहून छापलं गेलं त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीनं यशवंत वाड यांचं नाव आहे.

प्रश्न साधा होता. कापूस उत्पादकाकडे शेणखत कमी, कारण शेणाच्या गोवऱ्या होतात. आणि वावरात काडीकचरा भरपूर, पण तो जाळला जातो. आजही आपण तेच करतो. या दोन गोष्टी एकत्र कशा आणायच्या?

त्यांनी जी पद्धत बसवली ती थोडक्यात अशी. पऱ्हाटी, तुराटी असला टणक माल आधी शेतरस्त्यावर पसरायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बंड्यांच्या चाकाखाली तो चेंदला जातो. मग ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि साधारण कमरेच्या आतला उथळ खड्डा. त्यात काडीकचऱ्याचा थर, त्यावर गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख, वरून शेणाचा काला आणि पाणी. असे थरावर थर. दाबायचं नाही, कारण आत हवा पाहिजे. काही दिवसांत ढीग इतका तापतो की हात घालवत नाही. पहिल्या महिन्यात दोनदा आणि दुसरा महिना संपता एकदा पलटी मारायची. ९० दिवसांत काळंभोर, मातीचा वास येणारं खत तयार.

या पद्धतीचं मूळ फक्त त्यांच्याच डोक्यातलं नव्हतं. चीन-जपानकडचे शेतकरी शेकडो वर्षं काय करतात ते त्यांनी वाचलं होतं आणि इथले शेतकरी काय करतात ते डोळ्यानं बघितलं होतं. इंदूरला त्याला मोजमाप मिळालं.

१९३० मध्ये गॅब्रिएलबाई गेल्या. पुढच्याच वर्षी हॉवर्ड यांनी निवृत्ती घेतली आणि इंग्लंडला परतले. नंतर त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या बहिणीशी, लुईस यांच्याशी लग्न केलं. १९३४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली.

इंदूरहून मगनवाडीला

एप्रिल १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला गेले होते. तेव्हा ते वर्ध्याला मगनवाडीत राहत. नुकताच अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला होता आणि जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत होते. इंदूरच्या मुक्कामात गांधीजींनी ती संस्था आणि कंपोस्टचे खड्डे पाहिले. हॉवर्ड तोवर परत गेले होते, पण खड्डे चालू होते. त्याच वर्षी हरिजन साप्ताहिकात गांधीजींनी या पद्धतीची माहिती छापली. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला आले आणि कचरा, शेण, मैला यांचं खत करणं हा तिथल्या रोजच्या कामाचा भाग होता. डिसेंबर १९४७ मध्ये मीराबेन यांच्या पुढाकारानं दिल्लीत कंपोस्ट परिषदही झाली.

म्हणजे आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. आपणच ती विसरलो.

आणि मग दिसली ती बुरशी

आता मूळ मुद्दा. निवृत्तीनंतर हॉवर्ड घरी बसले नाहीत. कंपोस्ट घातलेल्या जमिनीत पीक सुधारतं हे ठिकठिकाणाहून कळत होतं. पण का? नत्र-स्फुरद-पालाश मोजलं तर त्या खतात एवढं काही निघत नव्हतं. मग फरक कशानं पडतो?

इंग्लंडमध्ये रेनर नावाच्या शास्त्रज्ञ बाई पाइनच्या रोपांवर काम करत होत्या. नापीक माळावर रोपं वाढत नव्हती. कंपोस्ट दिल्यावर ती जोमानं वाढली आणि त्यांच्या मुळांवर एक बुरशी आढळली. रोग करणारी नाही, मुळाशी संसार थाटणारी. अशा मुळ-बुरशीच्या जोडीला मायकोरायझा हे नाव १८८५ मध्येच जर्मनीचे फ्रँक यांनी दिलं होतं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थच बुरशी-मूळ.

हॉवर्ड यांनी हे बघितलं आणि त्यांना वाटलं, हाच तो हरवलेला दुवा. १९३७-३८ मध्ये ते भारत आणि श्रीलंकेतले चहाचे मळे फिरले आणि चहाच्या मुळ्या तपासायला पाठवल्या. कंपोस्ट दिलेल्या झाडांच्या मुळांत ही बुरशी चांगली दिसली. मग ऊस, कॉफी, द्राक्ष अशा कितीतरी पिकांची मुळं गोळा झाली. इंदूरहून यशवंत वाड यांनी कपाशीच्या मुळ्या पाठवल्या, त्यातही ही बुरशी निघाली. १९४० साली आलेल्या त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध पुस्तकात, अ‍ॅन अ‍ॅग्रिकल्चरल टेस्टामेंटमध्ये, हा विषय पुन्हा पुन्हा येतो. ते पुस्तक त्यांनी गॅब्रिएलबाईंना अर्पण केलं आहे.

बघा, वयाच्या पंचविशीत बुरशी मारायला निघालेला माणूस साठी ओलांडल्यावर बुरशीची वकिली करत होता.

ही बुरशी दुष्काळात करते काय?

हॉवर्ड यांच्या नंतर विज्ञान बरंच पुढे गेलं. आज जे माहीत आहे ते सोप्या भाषेत सांगतो.

कपाशी, तूर, सोयाबीन, ज्वारी, चणा, संत्रा, या सगळ्यांच्या मुळांत ही बुरशी राहते. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींशी तिचं नातं आहे, आणि ते नातं ४० कोटी वर्षांपेक्षा जुनं आहे. मुळाच्या आत तिचं एक टोक आणि बाहेर मातीत तिचे बारीक धागे. हे धागे मुळावरच्या केसांपेक्षाही कितीतरी बारीक असतात. मातीच्या ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथे धागा शिरतो.

बुरशीला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. ते तिला झाड देतं, पानात तयार झालेल्या साखरेतून. बदल्यात ती झाडाला मातीतला स्फुरद, जस्त आणि पाणी आणून देते. एकदम सालदारासारखा करार आहे. धान्य घरचं, मेहनत त्याची.

दुष्काळात तिचा उपयोग तीन-चार प्रकारे होतो. एक, मुळाची पोच वाढते, म्हणून बारीक फटीतली ओल झाडाच्या कामी येते. दोन, माती सुकायला लागली की स्फुरद मुळापर्यंत सरकत नाही, झाड पाण्याबरोबर उपाशीही पडतं, ते बुरशी सांभाळते. तीन, पानावरची छिद्रं कधी उघडायची, कधी मिटायची याचा ताळमेळ झाडाला बरा जमतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. चार, तिचे धागे मातीचे कण बांधतात, माती रवाळ होते, पाऊस आला की पाणी आत मुरतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बुरशी पाणी तयार करत नाही. मातीत ओलच उरली नाही तर ती पण काही करू शकत नाही. पंधरा दिवसांचा खंड निभावायला ती मदत करेल, दोन महिन्यांचा नाही. आमच्या उकंड्याच्या तुकड्यात पराटी टिकते ती एकट्या बुरशीमुळे, असंही मी म्हणणार नाही. तिथली माती भुसभुशीत आहे, सेंद्रिय कर्ब जास्त आहे, ओल धरते. बुरशी त्या सगळ्या गोतावळ्यातली एक.

साहेबांचं चुकलं कुठे?

मोठा माणूस म्हणून सगळंच बरोबर असं नसतं. हॉवर्ड यांना वाटायचं की झाड या बुरशीला पचवतं आणि त्यातून त्याला प्रथिनं मिळतात, म्हणून त्याचा दर्जा सुधारतो. तो अंदाज टिकला नाही. खरी देवाणघेवाण साखर आणि स्फुरदाची आहे हे पुढे कळलं. १९५० च्या दशकात इंग्लंडच्या बार्बरा मॉस या बाईंनी एकाच प्रकारची रोपं, काहींना बुरशी देऊन आणि काहींना न देता वाढवली, तेव्हा कुठे या बुरशीच्या फायद्याचा पक्का पुरावा हाती यायला लागला. हॉवर्ड यांच्याकडे बघितलेल्या गोष्टींची रास होती, पण अशी जोडीजोडीची परीक्षा कमी होती.

रासायनिक खतांवर तर त्यांचा राग टोकाचा होता. मी स्वतः युरिया, डीएपी वापरतो, लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या रागात एक दाणा खरा निघाला. जमिनीत स्फुरद भरपूर झाला की झाड बुरशीला साखर द्यायला हात आखडतं, आणि मुळातली बुरशी कमी होते. स्फुरद फुकट मिळतोय तर सालदार कशाला ठेवायचा, असा हिशेब. हे आज प्रयोगांनी सिद्ध आहे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनमध्ये हॉवर्ड वारले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. आयुष्यातली २६ वर्षं त्यांनी इथल्या मातीत घालवली. सेंद्रिय शेतीचा जगभर जो पंथ निघाला त्यातले लोक त्यांना मूळ पुरुष मानतात. पण ते जे शिकले ते बिहार आणि माळव्याच्या शेतकऱ्यांजवळ राहून शिकले, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं होतं.

आता आपलं काय?

ही बुरशी आपल्या वावरात आधीच असते. प्रश्न तिला ठेवायचं की हाकलायचं एवढाच आहे. मला जे समजलं आणि पटलं ते सांगतो.

तिला जिवंत मूळ लागतं. जमीन फार दिवस उघडी, रिकामी पडली की ती रोडावते. ऑस्ट्रेलियातही काळ्या मातीत कापूस घेतात, तिथे लांब पडीत ठेवलेल्या वावरात पुढचं पीक खुरटतं आणि कारण ही बुरशी कमी झालेली, असं आढळलं आहे. म्हणून कपाशीत तुरीच्या ओळी ठेवायची आपली जुनी चाल चांगली. कपाशी उपटली तरी तुरीचं मूळ कामावर असतं.

वारंवार खोल नांगरट केली की धाग्यांचं जाळं तुटतं. गरज असेल तेव्हाच करा. डीएपीची मात्रा माती परीक्षणाचा कागद बघून ठरवा, शेजाऱ्याच्या पोत्यांवरून नाही.

दुकानात मायकोरायझा किंवा व्हॅम नावानं पुड्या, डब्या मिळतात. माल चांगला असेल तर उपयोग होतो, विशेषतः नर्सरीत आणि संत्र्याच्या नव्या कलमांना, कारण तो मुळाला चिकटून पडावा लागतो. वरून फवारून काही होत नाही. तारीख बघा, उन्हात ठेवलेला माल घेऊ नका, पक्कं बिल घ्या. एका वर्षी मी पण एका दुकानातून बिनबिलाचा डबा आणला होता. पराटीला काही फरक पडला नाही आणि तक्रार करायला हातात कागद नव्हता. म्हणून आधी चार ओळींवर घालून बघा, चार ओळी तशाच सोडा. बार्बरा मॉस यांनी हेच केलं होतं. आणि कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी यांना ही बुरशी चालतच नाही, तिथे पैसे घालू नका. ट्रायकोडर्मा ही वेगळी बुरशी आहे, ती बियाण्याच्या आणि मुळाच्या सडीसाठी. दोन्हीत गल्लत नको.

शेवटचं पऱ्हाटीचं. हॉवर्ड यांच्या काळी गुलाबी बोंडअळीचा आजच्यासारखा कहर आपल्याकडे नव्हता. आता पऱ्हाटी धुऱ्यावर रचून उन्हाळाभर ठेवली तर बोंडातली अळी पुढच्या हंगामाला तयारच. म्हणून फरदड न घेता वेळेत काढा, न उमललेली किडकी बोंडं वेचून नष्ट करा आणि पऱ्हाटी लगेच बारीक करून ओल्या शेणासोबत ढिगात घाला. ढीग तापला पाहिजे, पलटी मारली पाहिजे. बंडीची चाकं आता राहिली नाहीत, पण ट्रॅक्टरवरचं कुट्टी यंत्र काही गावांत भाड्यानं मिळतं. चार शेतकरी मिळून एक दिवस ठरवला तर खर्च वाटला जातो.

मागच्या वर्षीपर्यंत आम्ही पण पऱ्हाटी पेटवत होतो. काडी लावली की अर्ध्या तासात वावर मोकळं. यंदा मी एका एकराची ठेवली आहे, खड्डा खणून झालाय. उकंड्याच्या जुन्या तुकड्याशेजारीच ते खत घालणार. पुढच्या ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली की दोन्हीकडची पराटी दुपारी बारा वाजता बघीन, आणि काय दिसलं ते इथेच लिहीन. फरक पडला नाही, तरी लिहीन.